सेटिरिझिन घेऊन गोळी चालू ठेवावी का?

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की नैराश्यावरच्या गोळ्यांमुळे येणाऱ्या पुरळाबद्दल वाचून लोक घाबरतात आणि त्या गोळ्या सोडतात. त्यापेक्षा सेटिरिझिन, म्हणजे ॲलर्जीवरची गोळी घ्यावी आणि नैराश्यावरची गोळी चालू ठेवावी. भीती रास्त आहे. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनसारखी नैराश्यावरची गोळी एकदम बंद केली, तर काही दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं सुरू होऊ शकतं. पण उपाय पटत नाही.

सेटिरिझिनचा खरा उपयोग अंगावर पित्त उठतं तेव्हा. तेच आहे का हे घरीही तपासता येतं: एका गांधीभोवती पेनाने गोल काढा. ती २४ तासांत विरून दुसरीकडे नवी उठली, तर बहुधा पित्तच. तिथेच राहिली, दुखली किंवा काळानिळा डाग सोडून गेली, तर डॉक्टरांना दाखवा. गोवरासारखं पुरळ वेगळं. ते गोळी सुरू केल्यावर साधारण ४ ते १४ दिवसांनी, बहुतेकदा छाती-पाठीवर सुरू होतं. सेटिरिझिनने त्याची खाज थोडी कमी होईल, प्रतिक्रिया थांबणार नाही. खाज कमी झाली की माणूस निर्धास्त होतो, धोका तिथे आहे.

त्यात लॅमोट्रिजिन असेल तर तुमचा सल्ला चक्क घातक ठरू शकतो. ती फिट्सवरची आणि मूड स्थिर ठेवणारी गोळी; नैराश्यावरची नेहमीची गोळी नव्हे, पण बऱ्याचदा त्याच चिठ्ठीवर असते. तिचं गंभीर पुरळ बहुतेकदा पहिल्या २ ते ८ आठवड्यांत येतं, आणि डोस भराभर वाढवला किंवा सोबत व्हॅल्प्रोएट (फिट्स आणि मूडवरचंच दुसरं औषध) असलं की धोका वाढतो. म्हणून तर व्हॅल्प्रोएटसोबत ती दिवसाआड २५ मिलिग्रॅमने सुरू करतात. तिच्यावर कुठलंही पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

गोळी कुठलीही असो, ताप, तोंडात फोड, लाल डोळे, दुखरी किंवा सोलणारी कातडी, ओठ-जिभेला सूज, धाप यांपैकी काहीही दिसलं तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठा.

फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीचं आणखी एक. ती शरीरातून जायला काही आठवडे लागतात. त्यामुळे बंद केल्यावरही पुरळ रेंगाळू शकतं, आणि ‘म्हणजे गोळीमुळे नव्हतंच’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

डॉक्टरांकडे जाताना दिवसाच्या उजेडातले फोटो, गोळी सुरू केल्याची आणि डोस वाढवल्याची तारीख, आणि मधल्या काळात घेतलेली वेदनाशामकं नि अँटिबायोटिक्स लिहून न्या. कित्येकदा दोषी तीच निघतात आणि नैराश्यावरची गोळी सोडावीच लागत नाही.