तोंडी लावण्याचा पेच

आमच्या वऱ्हाडात भाकरी हे मुख्यतः ठेचा तोंडापर्यंत पोहोचवण्याचे वाहन आहे. अशा मुलखात राहणाऱ्या माणसाला पोटाच्या डॉक्टरांनी सहा आठवडे ‘लो फॉडमॅप’ आहार सांगावा, यापरती शिक्षा नाही. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाता मोठ्या आतड्यात जाऊन आंबणाऱ्या काही शर्करांना फॉडमॅप म्हणतात, आणि त्या टाळण्याची कल्पना मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली मांडली. मेलबर्नला ठेचा कुटत नसावेत.

यादीत कांदा आणि लसूण हे मुख्य आरोपी होते. मी फळीवरच्या बरण्या एकेक करून उघडल्या. जवस चमचाभर चालतो, परंतु त्या चटणीत लसूण होता; तीळ निर्दोष, त्यांच्या सोबतीला लसूण; शेंगदाणे मूठभर चालतात, तर तेही लसणासकट कुटलेले. चोरी झालेल्या गावातील प्रत्येक घरी तोच पाहुणा उतरलेला आढळावा, तसा हा प्रकार होता. तालुक्याहून मुद्दाम आणलेल्या सॉसच्या बाटलीवरही बारीक अक्षरांत कांदा-लसूण छापलेलाच होता.

“काहून रे बाप्पा, लसनानं तुयं काय घोडं मारलं?” असे आईने विचारले. फ्रुक्टान नावाच्या साखळीदार शर्करेचे नाव तिला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

गोळाभातावर ओततात ते हिंगाचे तेल आठवून मी क्षणभर हरखलो, परंतु हिंगाच्या डबीवर गव्हाचे पीठ लिहिलेले निघाले, आणि गव्हातही तेच फ्रुक्टान असते. तांदळाच्या पिठाचा हिंग मागायला मी तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा किराणा दुकानदार मला पाहून आतल्या खोलीत गेला.

अखेरीस एक दुवा सापडला. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून लसणाच्या पाकळ्या मंद आचेवर तेलात परतून काढून टाकल्या, तर स्वाद तेलात राहतो आणि जाच पाकळीबरोबर निघून जातो. (रश्श्यात ही युक्ती चालत नाही, कारण तेथे पाणी असते.) आईने हे ऐकून कपाळाला हात लावला, तरी खलबत्त्यात थोडी मिरची, मीठ, शेंगदाणे आणि कोथिंबीर कुटून वर ते कढत तेल ओतले. मिरचीचा तिखटपणा हा फॉडमॅपचा विषय नसल्यामुळे डोळ्यांतून आलेल्या पाण्याबद्दल मोनॅशकडे तक्रार करता येत नव्हती. पहिल्या घासालाच मला माझे गाव परत मिळाले.

तेलातून काढलेल्या सात पाकळ्या आईने मोजून वाटीत ठेवल्या होत्या. जेवण आटोपले तेव्हा वाटीत सहाच उरल्या होत्या, आणि आई वाटीकडे न पाहता माझ्याकडे पाहत होती.