तीन आठवड्यांत मायदेश सुधारा

यंदाच्या सुट्टीत परदेशातून येऊन मायभूमीचं ऋण फेडायचं तुम्ही ठरवलंय, त्याबद्दल अभिनंदन. या कामाला साधारण तीन आठवडे लागतात. त्यातला पहिला झोप जुळवण्यात जातो आणि शेवटचा सामान बांधण्यात.

या वाटेने जाणारे तुम्ही पहिलेच, अशी समजूत असेल तर ती मोडू देऊ नका. नाहीतर उगाच कानावर येईल की परदेशी गेलेल्या शास्त्रज्ञांना थोडे दिवस परत बोलावणारी योजना फिलिपिन्सने १९७५ सालीच काढली. किंवा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९७७ मध्ये तुर्कस्तानपासून 'टोकटेन' नावाची योजना सुरू केली, जिच्यात असा परदेशस्थ तज्ज्ञ आपल्या देशात येऊन मानधनाविना काम करी. तिकीट आणि भत्ता तेवढा मिळे. एवढ्या वर्षांत त्या लोकांना काय जमलं, काय फसलं, हे वाचत बसलात तर सुट्टी संपेल.

भारत ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस पाळतो, कारण १९१५ साली त्या तारखेला गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतले. भाषणात हा दाखला जरूर द्या. ते मुक्कामालाच आले होते आणि तुमचं परतीचं तिकीट आधीच काढलेलं आहे, हा तपशील गाळा. गोखल्यांनी त्यांना वर्षभर देश पाहायला आणि सार्वजनिक प्रश्नांवर मत न द्यायला सांगितलं होतं, तेही गाळा. वर्षभर गप्प बसणं त्यांना परवडलं. तुम्हाला मंगळवारी सकाळीच मत द्यायचंय.

ज्या संस्थेत मदतीला जाल तिथे अठरा वर्षं तेच काम करणारा एक माणूस भेटेल. त्याला काय हवंय, असं विचारू नका. तो सांगून टाकेल. म्हणेल, रात्रपाळीला दोन माणसं द्या, यंत्र दुरुस्त करणारा कुणी द्या. आता या मागण्यांची स्लाइड कशी करणार? त्यापेक्षा नवीन यंत्र भेट द्या. ११० व्होल्टचं असेल आणि तिथली वीज २२० ची, तर काळजी नको, ट्रान्सफॉर्मर कुणीतरी शोधेल. त्यातली रसायनं फक्त तुमच्याच देशात मिळतात, हे तुमचं विमान उडाल्यावर कळेल. यंत्र मात्र छान दिसतं; वर कापड घातलं की धूळही बसत नाही.

डॉक्टर असाल तर आल्या दिवशी हातमोजे मागा. रुग्ण तपासायला तिथल्या परिषदेची नोंदणी लागते म्हणाले, की कपाळाला आठ्या घालून 'म्हणूनच हा देश मागे' असं पुटपुटा. तुम्ही राहता तिकडे परदेशी डॉक्टरला विनापरवाना सुईही धरू देत नाहीत, पण तिकडचे ते नियम आणि इकडची ती लालफीत.

प्रशिक्षण मात्र मनापासून द्या. वर्गात एक तरतरीत मुलगी असेलच. नेमके प्रश्न विचारेल, तुमच्या स्लाइडमधली चूक हळूच दाखवेल, बंद पडलेलं जुनं यंत्र तासाभरात चालू करून देईल. शेवटच्या दिवशी ती दाराशी थांबेल आणि तुमच्या विद्यापीठासाठी शिफारसपत्र मागेल. लगेच द्या, भरभरून लिहा. वीसेक वर्षांनी तीही तीन आठवड्यांसाठी येईलच.