रॉजर कॉर्मन सगळे सिनेमे दोन दिवसांत उरकत नव्हता

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला, कमी खर्चात सिनेमे काढणाऱ्या हॉलिवूडच्या निर्माता-दिग्दर्शक रॉजर कॉर्मनबद्दल. 'रॉजर कॉर्मन: प्रत्येक हॉरर सिनेमा दोन दिवसांत. शंभर सिनेमे, एकातही तोटा नाही. कपोला, स्कॉर्सेसी, कॅमेरूनसारखे दिग्दर्शक फिल्म स्कूलचं तोंड न बघता याच्याच हाताखाली घडले. तरी ऑस्करनं त्याला कायम डावललं.' खाली त्यानं स्वतःचं जोडलं होतं: 'मामा, मी प्रवेशाचा फॉर्म भरत नाही. शनिवार-रविवारी आमचा हॉरर शूट करतोय. स्क्रिप्ट सेटवर सुचेल.' हाच मेसेज मला आणखी तिघांनी पाठवलाय, म्हणून एकदाच लिहितो.

दोन दिवसांची गोष्ट 'द लिटिल शॉप ऑफ हॉरर्स' (1960) या सिनेमावरून आली. पण तिथे दुसऱ्या सिनेमाचा सेट आयता उभा होता. चार्ल्स ग्रिफिथची पटकथा तयार होती. आधी तीन दिवस नटांच्या तालमी झाल्या आणि शूटिंगला दोन कॅमेरे एकाच वेळी चालवले. रस्त्यावरची दृश्यं तर नंतर वेगळी घेतली. दोन दिवस लागले ते फक्त स्टुडिओतल्या कामाला.

पटकथेशिवाय शूट केलं की काय होतं, तेही कॉर्मननंच दाखवून ठेवलंय. आपल्याच 'द रेव्हन' या सिनेमाचे सेट मोडण्याआधी त्यानं त्यातला नट बोरिस कार्लॉफ याला आणखी दोन दिवस थांबवून घेतलं आणि धड पटकथा नसताना 'द टेरर' (1963) सुरू केला. दोन दिवसांत कार्लॉफचं काम झालं, पण सिनेमा झाला नाही. उरलेलं चित्रीकरण कपोला, माँटी हेलमन, जॅक हिल अशा एकेकानं आपापल्या परीनं केलं आणि त्यात तब्बल नऊ महिने गेले. जोडायला बसल्यावर कथेचा मेळ बसेना. मग एक प्रसंग मुद्दाम घ्यावा लागला. जॅक निकोल्सन डिक मिलरला धरून दरडावतो, खरं काय ते सांग. आणि मिलर उभ्या उभ्या सगळं सांगून टाकतो: कार्लॉफनं रंगवलेला हा बॅरन खरा बॅरन नाहीच, बॅरनला मारून त्याच्या जागी बसलेला एरिक आहे. भाच्या, तेवढा प्रसंग बघच. अख्ख्या सिनेमाची गाठ एका संवादात सोडवायची वेळ आली होती.

उलट 'हाऊस ऑफ अशर'ला (1960) त्यानं भांडून 15 दिवस आणि रंगीत फिल्म मिळवली. 'द मास्क ऑफ द रेड डेथ' (1964) इंग्लंडमध्ये पाचेक आठवडे चालला, छायाचित्रकार होता निकोलस रोएग. माझ्या मते कॉर्मनचं सगळ्यात देखणं काम हेच.

तोटा नाही, हे त्याच्या 1990च्या आत्मचरित्राच्या नावातून उचललंय: 'हाऊ आय मेड अ हंड्रेड मूव्हीज इन हॉलिवूड अँड नेव्हर लॉस्ट अ डाइम'. पण मेसेज लिहिणाऱ्यानं मुखपृष्ठ उलटलेलं नाही. आतमध्ये कॉर्मन स्वतःच 'द इन्ट्रूडर'बद्दल (1962) सांगतो. शाळांमधल्या वर्णभेदावरचा सिनेमा, मिसूरीतल्या गावांत धमक्या सोसत केलेला, स्वतःचे आणि भावाचे पैसे घालून. समीक्षकांनी वाखाणला आणि पैसे बुडाले. त्याच्या सगळ्यात धाडसी सिनेमाची ही किंमत या मेसेजनं पुसून टाकली, याचा मला जास्त राग येतो.

ऑस्कर? 2009मध्ये मानद ऑस्कर मिळाला. शोधायला अर्धं मिनिट लागतं.

फिल्म स्कूलच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. नवख्या पोरांच्या हाती कॅमेरा देणारा त्याच्यासारखा दुसरा नव्हता. कॅमेरूनही फिल्म स्कूलला गेला नव्हता. पण कपोला यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिनेमा शिकून आला होता आणि स्कॉर्सेसी न्यूयॉर्क विद्यापीठात.

फिल्म स्कूलशिवाय आलेला दिग्दर्शक पीटर बोगदानोविच घ्या. त्याच्याकडे वर्षानुवर्षं सिनेमे पाहून त्यांवर लिहिल्याची शिदोरी होती. कार्लॉफचे दोन दिवस कॉर्मनला येणं होते. ते आणि 'द टेरर'मधले तुकडे वापरून सिनेमा कर, एवढंच कॉर्मननं त्याला सांगितलं. बोगदानोविचनं आधी पटकथा लिहून घेतली. ती कार्लॉफला इतकी आवडली की त्यानं पाच दिवस काम केलं, आणि वरच्या तीन दिवसांचे पैसे घेतले नाहीत. तो सिनेमा म्हणजे 'टार्गेट्स' (1968).