सूर्यमालेच्या जन्मवेळचे अ‍ॅल्युमिनिअम आणि एक खोटी भीती

सूर्यमाला एका अतिनवताऱ्याच्या, म्हणजे आयुष्याअखेरीस फुटणाऱ्या ताऱ्याच्या, स्फोटातून जन्मली, त्या स्फोटातले किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनिअम-२६ आजही माणसाच्या हाडांत साठून कर्करोग घडवते आणि शास्त्रज्ञांकडे याबाबत केवळ अंदाज आहेत, असे सांगणारा एक संदेश सध्या सर्वत्र फिरत आहे. कर्करोगाच्या उपचारांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या माझ्या आत्याने तो वाचून "माझा आजार यामुळेच झाला का?" असे मला विचारले. तिला जे सांगितले ते इथे लिहीत आहे.

हाडांतल्या साठ्याचा दावा सर्वांत घातक आहे आणि तो साध्या गणिताने कोसळतो. अ‍ॅल्युमिनिअम-२६ चे अर्धायुष्य सुमारे ७ लाख १७ हजार वर्षे आहे, म्हणजे एवढ्या काळात त्याचे निम्मे अणू क्षय पावून मॅग्नेशिअम-२६ होतात. सूर्यमालेचे वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षे असल्याने हे निम्मे होणे आजवर सहा हजारांहून अधिक वेळा घडले आहे. दृश्य विश्वात साधारण १ वर ८० शून्ये इतके अणू आहेत असे मानले जाते. ते सगळेच्या सगळे अ‍ॅल्युमिनिअम-२६ चे असते, तरी २० कोटी वर्षांत त्यांतला एकही उरला नसता. विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, वातावरणातल्या आरगॉन वायूवर आदळून हे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे रूप) आजही अत्यल्प प्रमाणात तयार करतात, हे खरे आहे; परंतु त्याचा सूर्यमालेच्या जन्माशी काहीही संबंध नाही. आजारी माणसाला असली भीती घालणे अक्षम्य आहे.

"केवळ अंदाज" हा आरोप अज्ञानाचा आहे. मेक्सिकोत १९६९ मध्ये पडलेल्या आयेंदे अशनीतील कॅल्शिअम व अ‍ॅल्युमिनिअमने समृद्ध कण ली, पापानास्तासिऊ आणि वॉसरबर्ग या शास्त्रज्ञांनी तपासले आणि त्यांचे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या खनिजात मॅग्नेशिअमच्या तुलनेत अ‍ॅल्युमिनिअम जास्त, त्यात मॅग्नेशिअम-२६ ही त्याच प्रमाणात जास्त, असे त्यांना आढळले. हा अतिरिक्त भाग अ‍ॅल्युमिनिअमच्या जागीच क्षयातून निर्माण झाला असल्याखेरीज असा मेळ बसत नाही. त्यावरून सुरुवातीला दर एक लाख साध्या अ‍ॅल्युमिनिअम अणूंमागे सुमारे ५ अणू किरणोत्सारी होते, हे निश्चित करता आले. मूळ द्रव्य नाहीसे झाले, पण त्याची नोंद खनिजात राहिली.

उरला एकाच स्फोटाचा दावा. जवळच्या अतिनवताऱ्याने आदिमेघात, म्हणजे ज्यातून सूर्यमाला घडली त्या मेघात, ताजे द्रव्य मिसळले असावे, ही कल्पना शास्त्रज्ञांनीच १९७७ मध्ये मांडली होती आणि ती पूर्णपणे बाद झालेली नाही, एवढे मान्य करावे लागते. मात्र अ‍ॅल्युमिनिअम-२६ सारखी सगळी अल्पायुषी, म्हणजे तुलनेने लवकर क्षय पावणारी, समस्थानिके त्या एकाच स्फोटातून आली, असे म्हणता येत नाही. बेरिलिअम-१० चा माग आयेंदेच्याच कणांत २००० मध्ये लागला. ताऱ्यांच्या पोटात बेरिलिअम टिकत नाही, ते नष्ट होते. वेगवान कणांनी ऑक्सिजनसारखी अणुकेंद्रके फोडली की बेरिलिअम-१० तयार होते, आणि असे कण तरुण सूर्यातून किंवा विश्वकिरणांतून येऊ शकतात. आयोडिन-१२९ चे अर्धायुष्य दीड कोटी वर्षांहून अधिक असल्यामुळे आकाशगंगेतल्या जुन्या साठ्यातूनही ते आलेले असू शकते. लोह-६० ने तर या दाव्याची मोठीच अडचण केली आहे. अतिनवताऱ्याने अ‍ॅल्युमिनिअम-२६ दिले असेल, तर त्याच्यासोबत लोह-६० ही भरपूर यायला हवे होते. परंतु २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत ते साध्या लोहाच्या सुमारे दहा कोटींत एक अणू, एवढेच निघाले. म्हणून प्रचंड ताऱ्यांनी स्फोटापूर्वीच आपल्या वाऱ्यांतून, म्हणजे पृष्ठभागावरून बाहेर वाहणाऱ्या द्रव्यातून, अ‍ॅल्युमिनिअम-२६ उधळले आणि त्याच वायूतून सूर्य घडला, या पर्यायाकडे अनेक अभ्यासक आज गंभीरपणे पाहत आहेत.