नाव काढजो

ज्यांच्या घरचं पोट्टं या महिन्यात पहिल्यांदा कॉलेजला निघालं असेल त्यांना हात जोडून विनंती. त्याच्यासमोर पोहे खात बसून उपदेश करू नका. पोहे खा, चण्याची तर्री दोनदा घ्या, वरून सांबार (म्हणजे कोथिंबीर) टाकून घ्या अन् चुपचाप आपापल्या घरी जा.

आज सकाळी माझ्या घरी हेच झालं. भाच्याचा इंजिनिअरिंगला नंबर लागला, इलेक्ट्रिकल, दुसऱ्या राउंडमध्ये. हिंगणघाटच्या पुढचं गाव आमचं. इथं नागपुरात हिंगणा रोडला तीन पोरं मिळून रूम घेतली आहे. काल रात्री बहीण, जावई, गादी, कुकर, बादली, लोणच्याची बरणी असा सगळा लवाजमा आमच्याकडे उतरला. सकाळी उठून बघतो तर नातेवाईक हजर. सहा मोठी माणसं आणि एक अठरा वर्षांचं पोट्टं. प्लेट मांडीवर घेऊन खाली मान घालून बसलं होतं. पोह्यातला एकेक चणा चमच्यानं बाजूला सारत होतं. खात नव्हतं.

एक काकाजी म्हणाले, "चार वर्षं मरमर कर, मग जिंदगीभर ऐश." (काकाजी 58 वर्षांचे आहेत. त्यांची ऐश कधी सुरू होते याची आम्ही सगळे वाट पाहून राहिलो.) दुसऱ्यांनी पोरींपासून दूर राहायला सांगितलं. तिसऱ्यांनी विचारलं, तिथं पॅकेज किती मिळते? अरे, पोट्ट्यानं अजून वर्गखोली पाहिली नाही! चौथे म्हणाले, मराठी बोलूच नको, पहिल्या दिवसापासून इंग्रजी फाड. हे चौथे स्वतः बँकेत पैसे भरायची स्लिप दुसऱ्याकडून भरून घेतात.

मी काय बोललो ते नंतर सांगतो. त्याचीच तर लाज वाटून राहिली आहे दिवसभर.

सहातल्या एकानंही त्याला विचारलं नाही, की बाबू, भीती वाटते का रे?

मला वाटत होती. 1994 ची गोष्ट. बीएस्सी पार्ट वन. तेव्हा नुसतं नागपूर विद्यापीठ होतं, तुकडोजी महाराजांचं नाव 2005 मध्ये लागलं. बारावीपर्यंत पुस्तक इंग्रजीत असलं तरी सर मराठीत समजावून सांगायचे. इथं सगळंच इंग्रजीत, तेही धडाधड. पहिला महिना मी नुसता फळ्यावरचं उतरवत होतो. काय उतरवतो आहे ते माहीत नव्हतं.

मग केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आलं. टायट्रेशन. वर ब्युरेट, खाली फ्लास्क, त्यात दोन थेंब फिनॉल्फथॅलिन. वरून थेंब थेंब सोडायचं आणि फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. माझा हात इतका थरथरत होता की नळीची चावी एकदम फिरली अन् फ्लास्क झाला गर्द राणी कलरचा. परत केलं, परत तेच. शेवटी बाजूच्या पोराच्या वहीतलं रीडिंग ढापलं. 9.8. प्रत्येकाच्या बाटलीतलं सोल्युशन वेगळं असते हे मला कुठं माहीत! सरांनी वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं, इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "येस सर." अख्खी बॅच हसली. मागाहून कळलं, सर विचारत होते की हे रीडिंग कुठून आलं.

झालं इतकंच. कोणी मारलं नाही, हाकललं नाही. पण पुढच्या प्रॅक्टिकलला मी गेलो नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मग लेक्चरलाही नाही, कारण सर वऱ्हांड्यात भेटतील. दिवस काढायचे तर महाराजबागेत, नाहीतर अजनीच्या पुलावर. जीटी, दक्षिण, केरळा, कोणती गाडी किती वाजता पुलाखालून जाते ते मला केमिस्ट्रीपेक्षा चांगलं पाठ झालं होतं.

दर रविवारी सकाळी एसटीडी बूथवरून गावच्या किराणा दुकानात फोन करायचा. बाबा तिथं येऊन बसलेले असायचे. "कसं चालू हाये बाबू?" "मस्त." "समजते ना सारं?" "हो." डोळ्यांसमोर मीटरचे लाल आकडे पळत असायचे. खोटं बोलायला पैसे कमी लागतात. खरं सांगायला बसलो असतो तर वीस-पंचवीस रुपये झाले असते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, 23 तारखेला, विधिमंडळाच्या अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ चेंगराचेंगरी झाली. 114 माणसं गेली. त्या दिवसांत नागपुरात राहिलेल्या कोणालाही ते विसरता येत नाही. दुसऱ्या दिवशी घरमालकाकडे बाबांचा फोन. आवाज कापत होता. "तू कुठं होता रे काल?" "कॉलेजात, बाबा." पुलावर होतो. त्या दिवशीही खरं बोललो नाही मी. पोरगा जिवंत आहे एवढंच विचारायला माणसानं फोन केला होता, अन् मी त्याला हजेरी देत बसलो.

आता राग येऊन राहिला आहे लिहिता लिहिता. पोट्टे खोटं बोलतात म्हणून आपण त्यांना शिव्या देतो. पण खरं बोलायला आपण जागा ठेवली असते का? त्यानं फोन करून सांगितलं की मामाजी, मॅथ्समधलं ओ की ठो समजत नाही, तर आपण काय म्हणणार? "तुझ्या बापानं किती फी भरली माहीत आहे ना?" "शर्माजीच्या पोराला कसं समजते?" हेच ना? मग तो "मस्त" म्हणणार नाही तर काय! फी किती भरली ते त्याला तुमच्याआमच्यापेक्षा जास्त माहीत असते. गादी गाडीवर चढवताना बापाची कंबर दुखली तेसुद्धा त्यानं पाहिलेलं असते.

हो, मान्य, आता जमाना वेगळा आहे. फोनवर सगळं शिकायला मिळते, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पुस्तकंही मराठीत आली. काकाजी लोकही काळजीपोटीच बोलतात. असेल. तरी त्या चण्यांकडे पाहा ना, एकही खाल्ला नव्हता त्यानं.

आता कॉलेजच्या नोटीस बोर्डाची गोष्ट सांगतो. ही मी बायकोलासुद्धा लग्नानंतर अकरा वर्षांनी सांगितली.

फेब्रुवारीत गावचे एक जण मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती होते, त्यांना पाहायला बाबा आले. तिथून न सांगता माझ्या कॉलेजात गेले. मी अर्थात पुलावर. बाबा चौथी शिकलेले, इंग्रजी वाचता येत नव्हतं. शिपायाला माझं नाव सांगितलं, पोरगा कुठं असेल म्हणून विचारलं. शिपायानं जाळीच्या बोर्डावरच्या यादीवरून बोट फिरवलं अन् म्हणाला, आहे ना नाव, हे पाहा. ती हजेरी कमी असलेल्यांची यादी होती.

संध्याकाळी मी रूमवर आलो तर बाबा पायरीवर बसलेले. धोतराला धूळ, मांडीवर दोरी बांधलेला डबा. सीताबर्डीवरून पावशेर संत्रा बर्फी घेतली होती. आमच्या घरी संत्रा बर्फी कोणी लग्नातसुद्धा घेतली नव्हती. मला म्हणाले, "शिपाई म्हणे बोर्डावर नाव हाये तुह्यं. काढलं ना बाप्पा नाव!"

गावाहून निघताना एसटीच्या खिडकीशी उभे राहून त्यांनी एवढंच सांगितलं होतं मला: नाव काढजो.

मी बर्फी खाल्ली. दोन तुकडे. तिसरा त्यांनी स्वतःच्या हातानं दिला, तोही खाल्ला. सांगितलं नाही काही. त्यानंतर परीक्षेचा फॉर्मच घेतला नाही कॉलेजनं. घरी मी सांगितलं की नापास झालो. म्हणजे पाहा, नापास झालो हेही खोटंच होतं.

पुढं वर्ष वाया घालवून परत बसलो. एका सीनियरच्या रूमवर जाऊन सरळ म्हटलं, दादा, मला काहीच येत नाही, पहिल्यापासून सांग. त्यानं सांगितलं. हसला नाही. इतकं सोपं होतं ते, अन् मला दीड वर्ष लागलं.

बाबा 2014 मध्ये गेले. त्यांना त्या यादीचं खरं माहीत नव्हतं की माहीत होतं, हे मला आजही समजत नाही. शिपाई आपलाच मराठी माणूस होता, त्यानं यादी कशाची ते सांगितलंच नसेल काय? कोणी संत्रा बर्फी पुढं केली की मी शुगर आहे म्हणून सांगतो. मला शुगर नाही.

तर आज सकाळी. सामान गाडीत चढलं, बहीण डोळे पुसून राहिली होती, भाचा खिडकीशी बसला. मी वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काय बोललो असेन? "नाव काढजो."

तोंडातून निघून गेलं. तीस वर्षं आत बसलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, पीडा घेऊन जा म्हणत पुतळे जाळतात, तेव्हा या शब्दांचाच एक बडग्या, म्हणजे पुतळा, केला पाहिजे अन् मिरवत नेऊन जाळला पाहिजे. ईडा पीडा, खोकला, खरूज, नाव काढजो, घेऊन जा गे मारबत!

भाचा फेसबुकवर नाही. फेसबुक म्हाताऱ्यांचं आहे म्हणतो. त्यामुळे हे तो वाचणार नाही, पण तुमच्यापैकी कोणाचं पोट्टं वाचत असेल तर ऐक बाबू. पंच्याहत्तर टक्के हजेरी सांभाळ. अभ्यासासाठी म्हणून नाही सांगत, यादी लागू नये म्हणून सांगतो. सरकारच्या महाडीबीटी साइटवरचा स्कॉलरशिपचा फॉर्म दिवाळीवर ढकलू नको. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात चकरा माराव्या लागतात, अन् साइट ऐन शेवटच्या दिवशी झोपते. पाच मिनिटांत कर्ज देणारं कुठलंही ॲप फोनमध्ये घेऊ नको. एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत जा, वर्षाचे 120 तास द्यावे लागतात, पण तिथं इतर ब्रँचची पोरं भेटतात. वर्गात समजलं नाही तर वर्गात विचार, तिथं लाज वाटली तर वऱ्हांड्यात विचार, तिथंही नाही जमलं तर सीनियरकडे जा. सगळे सीनियर वाईट नसतात. जे वाईट असतील त्यांच्यासाठी 1999 पासून महाराष्ट्रात कायदा आहे. रॅगिंगची हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास. जावयानं ॲडमिशनच्या वेळी रॅगिंगचं ते ऑनलाइन हमीपत्र भरलं. वाचलं नाही, ओटीपी आला, टाकला, संपलं. अन् रात्री झोप येत नसेल, जीव घाबरा होत असेल तर 14416, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आम्ही सहा जणांनी त्याला कुकरच्या तीन शिट्ट्या शिकवल्या. यातला एकही नंबर दिला नाही.

इंग्रजीचं काय ते येईल. मला आलं. तुटकं आहे, पण औषधांच्या एजन्सीत वीस वर्षं चाललं.

हे सगळं दुपारीच लिहून झालं होतं. पोस्ट केलं नाही, कारण राहून राहून वाटत होतं की इथं भाषण ठोकण्यापेक्षा त्याला फोन करावा. आठ वाजता केला.

"कसं आहे रे?"

"मस्त आहे मामाजी."

तोच आवाज. अगदी तोच, मीटर पाहत बोलल्यासारखा. मी जरा थांबलो. म्हटलं, "जेवला का?"

"हो."

"काय केलं होतं?"

चूप. मागं कोणीतरी भांडं आपटल्याचा आवाज.

"सकाळी ते नाव काढजो म्हणालो ना मी," मी म्हटलं, "ते राहू दे. जेवण काय केलं ते सांग."

"खिचडी टाकली होती," तो म्हणाला. "करपली. पूर्ण. बिस्किटं खाल्ली आम्ही तिघांनी." मग जरा थांबून, "मामाजी, आज वर्गात पण काहीच नाही समजलं."

"काहीच नाही?"

"मॅथ्सचं तर बिल्कुलच नाही."

"बरं," म्हटलं. "रविवारी येतो मी मेट्रोनं, लोकमान्य नगर स्टेशनवर घ्यायला ये. मॅथ्स मलाही येत नाही, पण कोणाला तरी शोधू."

"हो."

"अन् कुकर घासत बसू नको आता. पाणी टाकून रात्रभर तसाच ठेव."