‘डोळ्यावर पेशींची चकती’: फॉरवर्डमधलं खरं किती?

‘प्रयोगशाळेत वाढवलेला पेशींचा पापुद्रा बसवला की कसलंही अंधत्व जातं, आता नेत्रदान नको’ असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त घातक.

बुबुळाचा काळा भाग पांढऱ्याला मिळतो त्या कडेला मूळ पेशी असतात. बुबुळावर जे काचेसारखं पारदर्शक पटल असतं, त्याच्यावरचा पातळ थर त्याच सतत नवा करतात. गुऱ्हाळावरचा चुना किंवा तंबाखूच्या डबीतला, डोळ्यात उडाला तर ही कडच भाजते. मग पांढऱ्यावरची कातडी रक्तवाहिन्यांसकट आत सरकते आणि नजर धुरकटते. अशा वेळी दुसऱ्या, धडक्या डोळ्याचा तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा घेऊन पेशी वाढवतात आणि तो थर बसवतात. इटलीत १९९७ साली हे दोन रुग्णांवर जमलं. युरोपात २०१५ मध्ये अशा उपचाराला सशर्त मान्यता मिळाली. दोन्ही डोळे भाजले असतील तर? जपानी डॉक्टरांनी २००४ मध्ये गालाच्या आतल्या त्वचेपासून थर करून दाखवला.

पण हा थर फक्त वरचा. काचबिंदू, मोतीबिंदू, मधुमेहाने बिघडलेला पडदा यांच्याशी त्याचा संबंध नाही. पटलात खोल डाग असेल तर दान केलेलं पटलच लागतं, म्हणजे नेत्रदान हवंच.

आणि चुना उडालाच तर मेसेज वाचत बसू नका. पापण्या उघड्या धरून निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार सोडा, कण काढा, मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तूप, मध काही घालायचं नाही.