गाडी विकताना गिऱ्हाइकाचं मन मोडू नये

जाहिरात टाकल्यावर चहा गार व्हायच्या आत पहिला मेसेज येतो : 'लास्ट किती?' मॉडेल, साल, पेट्रोल की सीएनजी, असलं काही तो विचारत नाही. ते सगळं जाहिरातीत असतं आणि त्यानं ती वाचलेली नसते. तुम्ही भीड पडून लगेच आकडा सांगा. साडेतीन लाख लिहिलेत ना, तीन सांगून टाका. माणूस प्रत्यक्ष आला की बोलणी तिनापासून खाली सुरू होतात, तुमचाच वेळ वाचतो.

त्याच दिवशी एका 'जवाना'चाही मेसेज येईल. गाडी न बघता, भाव न करता, पूर्ण किमतीला घेणारा. सीमेवर पोस्टिंग आहे, गाडी भावाला द्यायची आहे, पैसे आत्ता पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन कशाला लागतो, असले क्षुद्र प्रश्न देशाच्या रक्षणकर्त्याला विचारू नयेत. ओळखपत्राचा फोटो पाठवलाय की त्यानं!

खरं गिऱ्हाईक रविवारी उगवतं. अकराची वेळ देऊन दीडला, तुम्ही ताटावर बसलेले असताना. सोबत 'गाड्यांतलं कळणारा' एक मित्र असतोच. हा फारसा बोलत नाही. बॉनेट उघडतो, डिपस्टिक काढतो, ऑइल अंगठा-तर्जनीत चोळतो, हुंगतो आणि 'हं' म्हणतो. या एका 'हं'ची किंमत साधारण दहा हजार. मग तो दारांवर बोटाच्या पेरानं टकटक करत फिरतो. मागच्या उजव्या दारापाशी थबकतो, पुन्हा टकटक, आणि गिऱ्हाइकाकडे बघून म्हणतो, "हे मारलंय." इथं गप्प राहू नका. सोसायटीच्या गेटला घासलं तेव्हा कोण चालवत होतं, वॉचमन काय म्हणाला, सगळं सविस्तर सांगा. खुलासा जितका लांब, तितकी गाडी जास्त ठोकलेली ठरते. कंपनीत केलेल्या सर्व्हिसिंगच्या पावत्यांची फाइल मात्र कपाटातच असू द्या. पुरावे दाखवणं म्हणजे पाहुण्यावर अविश्वास.

टेस्ट ड्राइव्हला चावी हातात द्या आणि आपण वरण-भात संपवायला वर जा. लायसन्स मागणं, शेजारी बसणं, हे सगळं अपमानास्पद. "एक राउंड मारून येतो" म्हणून कोथरूडहून निघालेला माणूस वारज्याच्या पुलापर्यंत गेला, तर गाडी आवडली असं समजा. त्याची बाइक खाली उभीच आहे. ती कुणाच्या नावावर आहे, हे बघायला जाऊ नका.

आता घासाघीस. टायर गेलेत, क्लच हार्ड आहे, रंग चालत नाही, शिवाय पितृपक्ष. पितृपक्षात तो गाडी उचलणार नाही, पण भाव मात्र पितृपक्षातलाच हवा. पाच हजार टोकन, बाकीचे पासिंग झाल्यावर. "आपला शब्द आहे साहेब." शब्द आल्यावर पावती कशाला?

कागदांच्या बाबतीत तर मन फारच मोठं ठेवा. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करा आणि घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी सोडा, सोयीचं पडतं. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, हे विसरा. तो म्हणालाय ना "नावावर करून घेतो"! आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघात झाला तर भरपाईही त्याच्याच माथी, असं सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी 2018 मध्ये एका प्रकरणात सांगितलंय. त्यातली गाडीही अशीच या हातातून त्या हातात गेली होती. पण कोर्टाला काय, कुणावरही विश्वास नसतो. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहून सही घेणारी माणसंही अशीच संशयी.

फास्टॅग काचेवरच राहू द्या. खेड-शिवापूरला टोल कापल्याचा मेसेज आला की कळतं, मंडळी साताऱ्याकडे निघाली. आपुलकी टिकते. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, खरं तर गाडीचा नसून तुमचा असतो आणि विमा कंपनीकडून पत्र घेतलं तर पुढच्या गाडीच्या विम्याला लावता येतो. तो 50 टक्क्यांपर्यंत जातो. पण एवढ्या तेवढ्यासाठी फोन कोण करणार?

चार-सहा महिन्यांनी एक्सप्रेस वेवरच्या ओव्हरस्पीडिंगचं चलान तुमच्या मोबाइलवर येईल, फोटोसकट. नंबरप्लेट अगदी स्वच्छ दिसते. त्याला फोन लावा. "अहो साहेब, ती गाडी मी केव्हाच नाशिकला दिली! तुम्ही तेवढं भरून टाका, मी बघतो त्यांच्याकडे." नाशिकवाल्याचा नंबर मागून त्याला अडचणीत आणू नका. भरून टाका, ऑनलाइन होतं.